रिकामी काडतुसं जमा केली काय?

आमच्या घरी जर्मन सैन्य हरायची वेळ रात्री साडेनऊची. पण आजवर ते एकदाही वेळेवर हरलेलं नाही, कारण रिमोट मोठ्याबाबांच्या हातात असतो.

मोठेबाबा पुलगावच्या दारूगोळा डेपोतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झाले. गाव त्यांना 'फौजी' म्हणतं. त्यांनी ते कधी कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. उभी नोकरी त्यांनी खोके मोजले. आत आले किती, बाहेर गेले किती, सही कोणाची. त्यामुळे लढाई म्हटली की आपल्याला झेंडा दिसतो, त्यांना व्हाउचर दिसतं.

मला जुन्या युद्धपटांचा नाद आहे, आणि त्यांतल्या चुका काढायचा त्याहून मोठा. नागपूरहून सुट्टीत गावी जाताना पेनड्राइव्ह भरून नेतो आणि वाटभर मनातल्या मनात भाषण घोकतो. हा रणगाडा त्या काळात नव्हताच, हे विमान भलतंच आहे, वगैरे. पण आमच्या घरात चुका काढायलाही नंबर लावावा लागतो.

मागच्या दिवाळीत सुरुवात 'बॉर्डर'नं झाली. १९९७चा सिनेमा, सगळ्यांना तोंडपाठ. वाळवंटात मशीनगन धडधडायला लागली.

"थांबव!" सनी देओल तोंड उघडं ठेवून थांबला.

"मशीनगनचा पट्टा असते अडीचशेचा. हा गडी दहा मिनिटं झाले, सोडूनच राह्यला. खोके कोनं आनले? इश्यू कोनं केले? अन् रिकामी काडतुसं जमा केली काय?"

"मोठेबाबा, समोर शत्रू आहे न."

"शत्रू जाईन उद्या. ऑडिट राह्यते."

मी मधे घुसलो. म्हटलं, खरी गंमत वेगळीच आहे. ही लढाई खरी, राजस्थानातल्या लोंगेवालाची, डिसेंबर १९७१. पंजाब रेजिमेंटच्या २३व्या बटालियनची एक कंपनी, शंभर-सव्वाशे माणसं. सिनेमात शेवटापर्यंत रांगेनं शहीद होतात, प्रत्यक्षात आपले दोन जवान गेले. सुनील शेट्टीनं रंगवलेले भैरोसिंग पडद्यावर रणगाड्यासोबत उडतात, पण खरे भैरोसिंह राठोड २०२२पर्यंत हयात होते.

तूर निवडता निवडता मोठीआईचा हात थांबला. "म्हंजे बाई, त्याच्या बायकोनं टाकीजमदी आपलाच नवरा मेलेला पाह्यला?"

झालं. मग ती बायको बाजूलाच बसली होती का, नवऱ्यानं तिला आधी सांगून ठेवलं होतं का, सासूला कोणी सांभाळलं, यावर पाऊण तास गेला. शेजारच्या काकूही येऊन बसल्या. हवाई दलाच्या हंटर विमानांना अंधारात मारा करता येत नव्हता, म्हणून त्यांना त्या रात्री खरोखरच उजाडायची वाट पाहावी लागली होती. आमच्या टीव्हीतही ती तशीच वाट पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' लावला. १९५७चा. कथा थायलंडची, शूटिंग श्रीलंकेत. मी सांगितलं की खरा पूल ज्या नदीवर होता तिचं नाव क्वाय नव्हतंच, मे क्लाँग होतं. सिनेमा गाजला, पर्यटक क्वायचा पत्ता विचारत यायला लागले, तेव्हा थायलंडनं नदीच्या त्या भागाचं नावच बदलून टाकलं.

काका शेती करतात. त्यांच्या घशात चहा अडकला. "आपलं नाव सातबाऱ्यावर चढाले सहा वर्ष लागले. अन् या सिनेमावाल्याइनं नदीचं नाव बदलवलं?" त्यानंतर पुलाचं काय झालं ते कोणीच पाहिलं नाही.

मी हुकमी पान राखून ठेवलं होतं ते तिसऱ्या रात्रीसाठी. 'बॅटल ऑफ द बल्ज', १९६५. मी आधीच सांगून ठेवलं, दुसरं महायुद्ध, डिसेंबर १९४४, बेल्जियमचं आर्देन जंगल, झाडी, धुकं, बर्फ. शेवटच्या लढाईत रणगाडे समोरासमोर आले आणि काका उठून टीव्हीजवळ गेले. चष्मा वर करून जमीन न्याहाळली.

"बर्फ कुठी हाय बे? हे तर मुरमाड रान हाय. इथं पऱ्हाटी बी होनार नाही."

आयुष्यात इतकी अचूक समीक्षा मी ऐकलेली नाही. ते रान स्पेनचं होतं. मग मला कोणी अडवू शकलं नाही. जर्मनांचे टायगर रणगाडे म्हणून जे पळताहेत ते अमेरिकेचे पॅटन रणगाडे, महायुद्ध संपल्यावर जन्मलेले! १९७०च्या 'पॅटन' सिनेमात तर जनरल पॅटन ज्या जर्मन रणगाड्यांशी लढतात तेही पॅटनच! दोन्ही वेळा स्पेनच्या सैन्याकडून घेतलेले!

"त्यात काय," काका म्हणाले. "दंढारीत नाही काय, एकच पोट्टा अर्धी रात्र वानर, अर्धी रात्र राक्षस."

माझ्या चार वर्षांच्या अभ्यासाचा असा निकाल लागला. पण 'पॅटन' शब्दानं मोठेबाबा ताठ बसले.

"पॅटन? अबे, पाकिस्तानचे हेच रनगाडे तर आपण खेमकरनले फसवले! पासष्ट साली!"

"असल उत्तर गावची लढाई," मी म्हटलं. "उसाच्या शेतांत पाणी सोडलं होतं."

"फसनच न," काका म्हणाले. "पान्यात ट्रॅक्टर जात नाही, रनगाडा काय जाईन?"

"अन् जीपवरच्या तोफेनं ते फोडले कोनं? अब्दुल हमीदनं. परमवीर चक्र. त्याचा हुद्दा काय होता, सांग बरं बाबू."

"हवालदार."

"कोन्ता हवालदार?"

"कंपनी क्वार्टरमास्टर..."

"म्हंजे?" मोठेबाबा आता उभे होते. रिमोट तलवारीसारखा वर. "म्हंजे स्टोअरवाला!"

घरात कोणी बोललं नाही. मोठीआईनं तुरीचं सूप खाली ठेवलं. ही माहिती मीच त्यांना फोनवर सांगितली होती, हे सांगायची ती वेळ नव्हती.

तेवढ्यात लाइट गेली. काकांनी बॅटरी आणि काठी घेतली. वावरातली लाइन रात्री येते, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. काकू गेल्या. मी अंधारात चाचपडत पेनड्राइव्ह काढला.

"इकडं दे," मोठेबाबा म्हणाले. मोबाइलच्या उजेडात त्यांनी एक जुनी वही उघडली. रकाने आखलेले होते. त्यांनी लिहिलं, पेनड्राइव्ह ०१ नग, जमा. सिनेमे ०३, अपूर्ण. खाली माझी सही घेतली आणि चष्मा काढता काढता शेवटची ओळ भरली.

जर्मन सैन्य : शिल्लक.