माळरान सगळ्यांचं आहे, म्हणूनच हे लिहितेय

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या बफलो गॅप नॅशनल ग्रासलँड या सरकारी माळरानावरच्या आमच्या कॅम्पिंगचे फोटो बघून अनेकांनी विचारलं, "शिकारीला गेला होतात का?" आम्ही तंबू ठोकायला आणि मुलांना मोकळं आकाश दाखवायला गेलो होतो. पण ज्या कुटुंबाने बोलावलं, ते दर उन्हाळ्यात तिथे प्रेअरी डॉग (नावात 'डॉग', पण खरं तर खारीच्या कुळातला, बिळात राहणारा छोटा प्राणी) मारायला जातं. ते सगळं जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: सार्वजनिक माळरानावरची ही नेमबाजी बंद व्हायला हवी.

ती माणसं फार चांगली आहेत. त्यांच्या घरचे आजोबा हरणाची शिकार करतात, ते मांस घरात वर्षभर पुरवून खातात, आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. नातवंडांना बंदूक देण्याआधी ते सुरक्षेचे नियम पुन्हा पुन्हा घोकून घेतात. रात्री शेकोटीभोवती त्यांनी आमच्या मुलाला नक्षत्रं दाखवली.

पण सकाळी जे होतं ते वेगळं. टेबल मांडायचं, रायफल टेकवायची, दुर्बिणीतून दूरच्या बिळांवर उभे राहिलेले जीव शोधायचे आणि एकेक टिपायचा. मेलेल्याकडे कोणी जात नाही. मांस खायचं नाही, कातडं काढायचं नाही. लायसन्स लागतं, पण दिवसाला किती मारायचे याला मर्यादा नाही. मादी वर्षातून एकदाच विते, तीही सहसा दुसऱ्या वर्षापासून, आणि पिल्लं बिळाबाहेर येतात ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाला. गोळीचे शिशाचे बारीक तुकडे त्या मढ्यात राहतात. पुढे ससाणे आणि गरुड तेच खातात.

आणि ही जमीन कुणाची? १९३०च्या दशकात नांगरलेली माती वाऱ्याने उडाली, शेतकरी देशोधडीला लागले, तेव्हा सरकारने ओसाड पडलेल्या जमिनी विकत घेतल्या, पुन्हा गवत रुजवलं, आणि १९६० साली त्यातूनच नॅशनल ग्रासलँड जाहीर झाले. त्याच्याही आधी ही लाकोटा या मूळ रहिवाशांची भूमी. जनतेच्या पैशातून उभं राहिलेलं हे माळरान, तिथे कुणीही फुकट तंबू टाकू शकतो. ही गोष्ट मला मनापासून आवडते, म्हणूनच तिथे काय चालतं याबद्दल बोलायचा हक्कही सगळ्यांना आहे असं मी मानते.

प्रेअरी डॉगच्या बिळांत घुबडं राहतात, साप राहतात. प्रेअरी डॉगनी कुरतडून आखूड ठेवलेल्या गवताला कोवळे, कसदार फुटवे येतात आणि बायसन (अमेरिकेतले गवे) तिथे चरायला येतात. काळ्या पायांचं फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी) तर जवळजवळ संपूर्णपणे प्रेअरी डॉगवरच जगतं. हा प्राणी संपलाच असं १९७९ साली धरलं गेलं होतं. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्याने मेलेलं फेरेट घरी आणलं, शोध पुन्हा सुरू झाला आणि जवळच एक वसाहत सापडली. पुढे रोगाने तीही वसाहत खचली. १९८७ पर्यंत उरलेली १८ पकडून त्यांच्यापासून पैदास केली. याच बफलो गॅपमधल्या कोनाटा बेसिनमध्ये १९९६ पासून ती परत सोडली. तिथे नेमबाजीला बंदी आहे. मग बाकीच्या माळावर का नको?

त्यात प्लेग. १८९७ साली पुण्यात ज्या साथीने घरं रिकामी केली, तीच जहाजांवरून १९००च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत पोचली आणि पिसवांबरोबर हळूहळू माळरानापर्यंत आली. प्रेअरी डॉगच्या अंगात तिच्याशी झुंजायची ताकद जवळजवळ नाहीच. २००८ मध्ये ती कोनाटा बेसिनमध्ये शिरली. आता एकेका बिळात पिसवा मारायची पावडर टाकत लोक फिरतात. एकीकडे जीव वाचवायला ही धडपड, आणि थोड्याच अंतरावर त्याच जीवांवर मौजेखातर गोळ्या!

प्रेअरी डॉग गुरांचं गवत खातात, ही गुरं पाळणाऱ्यांची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. दुष्काळाच्या वर्षी प्रत्येक गवताच्या काडीला मोल असतं, आणि सरकारी कुरणाचं भाडं त्यांना भरावंच लागतं. त्यांच्या नुकसानीचा विचार झालाच पाहिजे: भाड्यात सूट द्या, कुंपणालगत उंच गवताचा पट्टा राखा. पण सुट्टीत आलेल्या पाहुण्यांच्या नेमबाजीने त्यांचा प्रश्न सुटत नाही.

मी सोलापूरकडची. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. माळावरचा प्राणी 'भरपूर आहेत की' म्हणता म्हणता कसा जातो, हे आमच्या भागाने पाहिलंय.

आजोबांना हे सगळं मी तिथेच सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि त्यांच्या नातीला फेरेट बघायचंय. ते रात्री बाहेर पडतं, म्हणून मोठा टॉर्च घेऊन तिच्यासोबत मीच जागणार आहे.