बंदीच्या महिन्यांतला हप्ता

माझा धाकटा भाऊ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर खलाशी आहे आणि दर वर्षी जून उजाडला, की त्याच्या अटल पेन्शन योजनेच्या हप्त्यावरून आमच्या घरात तोच मनस्ताप सुरू होतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात, हाती पैसा नसतो. तरीही हप्ता कापण्याची तारीख चुकत नाही, आणि खात्यात शिल्लक नसल्यामुळे तो थकला, की दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया जादा भरावा लागतो. रक्कम क्षुल्लक आहे, हे मान्य. पण साठीनंतर महिना ५,००० रुपये मिळावेत म्हणून दहा महिने समुद्रावर राबणाऱ्या माणसाला प्रत्येक पावसाळ्यात थकबाकीदार ठरवले जाते, हे मला सहन होत नाही.

अधिक संताप याचा येतो, की या योजनेत तिमाही आणि सहामाही हप्त्याचीही सोय आहे. बँकेच्या शाखेत अर्ज भरताना ते कोणीही सांगितले नाही, ‘मासिक’ या शब्दापुढे परस्पर खूण करण्यात आली. ती बदलून घेण्यासाठी आम्ही तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढेच ऐकून परतलो.