अपिलाच्या आधी अपिलाची परवानगी

कोल्हापूरजवळच्या हुपरीचे एक चांदी कारागीर काका माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांची १३८ ची केस, म्हणजे चेक न वटल्याची, काही वर्षांपूर्वी विरोधात गेली. आरोपी निर्दोष सुटला. निकाल इंग्रजीत, त्यामुळं शेवटचं पान वकिलांनीच वाचून दाखवलं. पुढं काय, तर म्हणे हायकोर्टात अर्ज करायचा. परवानगी मिळाली तर मग अपील.

तोच आरोपी दोषी ठरला असता तर इथल्याच सेशन्स कोर्टात हक्कानं अपील करू शकला असता, कुणाची परवानगी लागली नसती. ज्याचे पैसे बुडाले त्याला मात्र तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७८(४) प्रमाणं ६० दिवसांत मुंबई गाठायची होती. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथला वेगळा वकील, त्याची वेगळी फी. आणि एवढं करून अर्ज फेटाळला, तर अपील म्हणून सुनावणीच नाही. काकांनी चेक न वटल्याचा बँकेचा मेमो आणि चेक पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि विषय सोडला. त्यांना दोष कसा देणार?

कोर्टांवर भार आहे, कुणीही उठून अपील करायला नको, हे मलाही पटतं. सुप्रीम कोर्टात राज्यघटनेच्या कलम १३६ खाली आधी परवानगी लागते ते योग्यच. तोवर बहुतेक वेळा खालच्या कोर्टांनी प्रकरण तपासलेलं असतं. पण पहिलं अपील? एकाच मॅजिस्ट्रेटनं पुरावा पाहिला, तो दुसऱ्या कुणी एकदा तरी पाहावा, एवढंच तर मागणं आहे. ते हक्कानंच मिळायला हवं.

खरं तर कायद्यात ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला विनापरवानगी अपिलाचा हक्क आहे. पण चेकवाला फिर्यादी 'पीडित' धरायचा का, यावर वर्षानुवर्षं घोळ होता. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सेलेस्टियम फायनान्शियलच्या प्रकरणात तो पीडितच आहे, असं स्पष्ट सांगितलं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हा हक्क कलम ४१३ मध्ये आहे. मार्केट यार्डातल्या किती व्यापाऱ्यांना हे माहीत आहे? मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही नव्हतं.

चार दशकं झगडून आपण कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळवलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांचं काम सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालं, मुंबईची वारी वाचली. याचा आनंद मोठा आहे. पण कुठलं अपील कुठं आणि किती दिवसांत करायचं, परवानगी लागते की नाही, हे पक्षकाराला निकालाच्या दिवशीच मराठीत लिहून मिळालं पाहिजे. अर्धं पान पुरेल. बेंचसाठी रस्त्यावर उतरलेल्या वकील मंडळींनी आता हीही मागणी लावून धरावी.

आणि ज्यांचा निकाल नुकताच विरोधात गेलाय त्यांनी निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज आजच टाका. नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस अपिलाच्या मुदतीत धरले जात नाहीत, पण अर्ज टाकायला तुम्ही लावलेला उशीर धरला जातो.