घर बायकोच्या नावावर करून कर्जातून सुटका होत नाही

मंगळवारी रात्री पावणेअकराला इचलकरंजीहून मावसभावाचा फोन. "ताई, उद्या रजिस्ट्रार ऑफिसला जातोय. घर हिच्या नावावर करतो आणि मग दिवाळखोरीचा अर्ज टाकतो. ग्रुपवर आलंय, कुणा वकिलानंच लिहिलंय." आठ माग, सूत व्यापाऱ्याची उधारी, पतसंस्थेचं कर्ज, दोन क्रेडिट कार्डं. चार महिने धड झोप नाही. अशा माणसाला कुणी हा सल्ला देतं, याचा मला संताप येतो. वीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं चालवते.

मेसेज सांगतो: 2016 च्या कायद्याने आता कुणीही दिवाळखोरी जाहीर करू शकतो. आधी मालमत्ता घरच्यांच्या नावावर करा, कार्डांची उरलेली मर्यादा वापरून घ्या, मग अर्ज करा. सगळी कर्जं शून्य, वसुलीवाले बंद.

आधी घराचंच बोलू. पत्नीला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, हे खरं आहे. स्वस्त आहे म्हणूनच लोक उठून निघतात. पण मुंबईबाहेर आजही लागू असलेला प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) अधिनियम, 1920 याचं कलम 53 वाचा. मोबदला न घेता मालमत्ता दिली, त्यानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज झाला आणि माणूस नादार ठरला, तर ते बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं. दोन वर्षं थांबून अर्ज करू म्हणाल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, चुकवण्यासाठी केलेला व्यवहार रद्द करून घ्यायची सोय आहे. त्यावर 1920 च्या कायद्याचं कलम 69: धनकोंच्या वाट्याला कमी यावं म्हणून कपटाने मालमत्ता लपवली किंवा परस्पर वळवली, तर एक वर्षापर्यंत कैद. बक्षीसपत्रावर नोंदणीची तारीख छापलेली असते. समोरचा वकील आधी तीच बघतो. म्हणजे घर वाचत नाहीच, वर प्रामाणिकपणे बुडालेला माणूस लबाड ठरतो आणि वहिनीला कोर्टात उभं राहावं लागतं.

कार्डांबद्दलचा सल्ला तितकाच घातक. फेडण्याची शक्यता नाही हे माहीत असून कर्ज काढलं, हे मुक्ततेचा आदेश, म्हणजे उरलेल्या देण्यातून सोडवणारा कोर्टाचा हुकूम, नाकारण्याचं एक कारण आहे, 1920 च्याच कायद्याचं कलम 42.

आता "नवा कायदा". 2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी प्रकरण आहे, हे मान्य. 35,000 रुपयांपर्यंतच्या कर्जातून गरिबाला नव्याने सुरुवात करू देण्याची तरतूदही त्यात लिहिली आहे. पण 1 डिसेंबर 2019 पासून ते प्रकरण लागू झालं ते फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. तुमच्या-माझ्यासारख्यांना जुनेच कायदे: मुंबई शहरात 1909 चा, बाकी महाराष्ट्रात 1920 चा.

"सगळी कर्जं शून्य" हे तर धादांत खोटं. सरकारी देणं राहतं, पोटगी राहते, तारण ठेवलेल्या वस्तूवरचा बँकेचा हक्क राहतो. आणि जामीनदार सुटत नाही. भावाच्या पतसंस्थेच्या कर्जाला त्याच्या साडूची सही आहे. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघाला की साडूचा पगार कापला जाणार. मेसेजमध्ये त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. न वटलेल्या चेकची 138 ची केसही आपोआप मिटत नाही.

वसुलीवाल्यांबद्दल थोडं तथ्य आहे. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलं आहे. पण त्यासाठी दिवाळखोर व्हावं लागत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करा, फोनच्या वेळा टिपून ठेवा.

भावाला त्या रात्रीच सांगितलं: रजिस्ट्रारकडे जायचं नाही. वहीत प्रत्येक देणं लिही, कुणाचं, किती, तारण काय, जामीन कोण. वहिनीला आणि साडूला घेऊन रविवारी माझ्याकडे ये. तो म्हणाला, साडूला अजून काहीच सांगितलेलं नाही. म्हटलं, मग आधी त्याला फोन कर.