‘गरिबी विकायला शिकवता’: घाटंजीच्या एका बापाला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. उत्तर आज देते आहे, कारण तुमचं काही बोलणं खरं होतं आणि ते आधी नीट तपासून पाहायचं होतं.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते. मागच्या महिन्यात मी परदेशी विद्यापीठांत अर्ज कसा करायचा यावर लिहिलं होतं. त्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका कास्तकार बापाने लिहिलं: “मॅडम, तुमी पोट्ट्यायले मोठे मोठे सपने दाखोता. अर्जाले पैसे लागत नाही मनता. माह्या पोरीनं हिशेब काढला तं लाखभर रुपये ॲडमिशनच्या पयलेच चालले. बँक वावर गहाण घेत नाही. आन् तुमी पोरायले निबंधात बापाची गरिबी लिहाले लावता, म्हंजे आमची गरिबी इकाले शिकोता. गेलेलं पोरगं वापस येत नाही ते अलगच.”

आधी पैशांचं बोलू. त्यात तुमची मुलगी बरोबर आहे आणि मी अर्धवट लिहिलं होतं.

‘अर्जाला पैसे लागत नाहीत’ हे वाक्य मी युरोपच्या इरॅस्मस मुंडुस या शिष्यवृत्तीबद्दल लिहिलं होतं. तिथे अर्जाची फी नाही, निवड झाली तर शिकवणीची फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. हे सगळं खरं आहे. पण तेवढं एक वाक्य वाचून घरात काय समज होईल, याचा विचार मी करायला हवा होता. तुमच्या मुलीला जर्मनीला जायचं आहे, तर तिथला हिशेब असा आहे. पासपोर्ट १,५०० रुपये. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा अठरा हजारांच्या आसपास. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, सक्तीचं झालं, त्याचे १८,०००. बरीच विद्यापीठं युनि-असिस्ट या संस्थेमार्फत अर्ज घेतात, तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०. चार ठिकाणी अर्ज केला तर सोळा-साडेसोळा हजार. बेरीज चोपन्न हजारांवर गेली. त्यात विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा दाखला) काढणं, झेरॉक्स, साक्षांकन आणि नागपूरच्या दोन-तीन चकरा धरल्या की पाऊण लाख होतात. इंग्रजीच्या परीक्षेत गुण कमी पडले आणि ती पुन्हा द्यावी लागली, तर तुमच्या मुलीचा लाखाचा आकडा जवळपास खरा ठरतो. आणि यातला एक रुपयाही परत मिळत नाही.

त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंट. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. आजच्या भावाने हे बारा लाखांच्या आसपास जातं. हे पैसे आपलेच असतात, तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो असे परत मिळतात. पण आधी कुठून तरी उभे करावे लागतात, आणि घोडं नेमकं तिथे अडतं. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज विनातारण मिळू शकतं. त्याच्या वर गेलं की बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. त्यांना एनए (बिगरशेती) प्लॉट हवा, नाहीतर शहरातलं घर हवं. सात-बारावर पीककर्ज मिळतं, लेकराच्या शिक्षणाचं कर्ज मिळत नाही. ज्याच्याकडे आठ एकर काळी जमीन आहे तो बाप बँकेच्या लेखी तारण नसलेला माणूस ठरतो. हे तुम्ही अनुभवाने लिहिलंत. मी ते आधीच्या लेखात लिहायला हवं होतं.

सरकारी शिष्यवृत्तीचं काय, असं तुम्ही विचाराल. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, १२५ जागा, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तिच्यात भूमिहीन शेतमजुरांच्या आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठीही काही जागा आहेत. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. या योजना चांगल्याच आहेत. यांच्यामुळे शेतमजुरांची मुलं लंडनला पोचली आहेत. पण तिथे अर्ज करताना विद्यापीठाचं बिनशर्त प्रवेशपत्र हातात लागतं. म्हणजे सरकारची मदत सुरू होते ती हा पाऊण लाख घरून गेल्यावर. हातात प्रवेशपत्र असलेल्या मुलाला सरकार लाखो रुपये द्यायला तयार आहे आणि ते प्रवेशपत्र मिळवायला लागणारे पाऊण लाख द्यायला कुणी नाही. माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात जास्त मुलं याच पायरीवर थांबतात. गुणवत्ता तपासली जाण्याआधीच त्यांचा रस्ता संपतो.

एजंटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण तुमच्या मुलीला नागपूर-अमरावतीहून फोन येतच असतील. ‘फ्री काउन्सेलिंग’ म्हणणाऱ्याला पैसे विद्यापीठाकडून कमिशन म्हणून मिळतात. त्यामुळे कमिशन देणारी विद्यापीठंच तो सुचवतो. फी न घेणाऱ्या सरकारी विद्यापीठाचं नाव त्याच्या तोंडून सहसा येणार नाही.

आता तुमचं ते वाक्य. गरिबी इकाले शिकोता.

भाऊ, हे मला लागलं, कारण मी ते एकदा केलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका विद्यार्थिनीचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा विषय का शिकायचा हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध, तपासत होते. तिने साधं, सरळ लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, वडिलांच्या कर्जाचं वर घे, पहिल्याच परिच्छेदात, वाचणाऱ्याच्या मनाला भिडेल. तिने घेतलं. काही दिवसांनी वडिलांनी विचारलं, आमच्याबद्दल काय लिहिलं बेटा? तिने सांगितलं, तुम्ही मेहनती आहात असं लिहिलं. नंतर ती मला म्हणाली, “मॅडम, बाबाले इंग्रजी येत नाही ते बरं झालं.” ज्या कागदावर बापाचं नाव आहे तो कागद बापापासून लपवावा लागला, आणि तसं लिहायला मी लावलं होतं. त्या दिवसानंतर मी कुणाला असा सल्ला दिलेला नाही. मागच्या लेखात मी ‘आपली परिस्थिती लिहा’ एवढंच लिहून पुढे गेले, म्हणून तुमचा तसा समज झाला. तो माझ्या लिहिण्याचा दोष आहे.

परिस्थिती लिहा म्हणजे काय, ते एका मुलाच्या कागदावरून सांगते. बीएस्सी केमिस्ट्री, आपल्याच जिल्ह्यातला. त्याचा पहिला मसुदा असा होता: मी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलो, अनेक अडचणींवर मात करून शिकलो. मी विचारलं, तुला विषशास्त्र का शिकायचं? तो बराच वेळ गप्प बसला. मग २०१७ चा पावसाळा सांगायला लागला.

तुम्हाला ते वर्ष सांगायची गरज नाही. फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. हा मुलगा तेव्हा अकरावीत होता. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे एरवी कमरेखाली जाणारा फवारा तोंडासमोर मारावा लागत होता. त्याच्या काकाने दोन औषधं एकाच पंपात मिसळली होती, कारण एकाने अळी मरत नव्हती. संध्याकाळी काका ओट्यावर बसून म्हणाला, लाइट गेली काय रे? लाइट होती. त्याला अंधूक दिसत होतं. काका वाचला. पुढे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी पुस्तकात ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीच्या औषधांतलं एक प्रकारचं विष, आलं, शरीरातल्या एका विकराला (एन्झाइमला) ते कसं अडवतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या कशा आकसतात ते आलं, तेव्हा या मुलाला ओट्यावरचा काका आठवला. त्याने तेच लिहिलं. आणि त्याच्या पुढे स्वतःचे प्रश्न लिहिले: दोन औषधं मिसळल्यावर पंपात नेमकं काय होतं? पानावर ते किती दिवस राहतं? पंधरा दिवसांनी वेचणीला जाणाऱ्या बायांच्या हाताला काय लागतं? बाटलीवरची बारीक अक्षरातली सूचना वाचता न येणाऱ्या माणसाला ती कशी सांगायची?

त्या दोन पानांत ‘गरीब’ हा शब्द एकदाही आला नाही. पाठवण्याआधी त्याने ती पानं मराठीत काकाला वाचून दाखवली. काकाने एक दुरुस्ती सुचवली, पंपाच्या नोझलबद्दल. ती आम्ही घातली. पहिल्या वर्षी त्याला कुठेच प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी मिळाला. आता तो तिथे दुसऱ्या सत्रात आहे.

निवड समितीवरचा प्राध्यापक दया दाखवायला बसलेला नसतो. या मुलाला हाच विषय का शिकायचा आहे, हे त्याला पाहायचं असतं. त्याचं उत्तर तुमच्या वावरात असेल तर वावर लिहायचं, दुसरीकडे असेल तर वावराचा उल्लेखही नको. माझी एकच अट असते: लिहिलेलं घरी वाचून दाखवता आलं पाहिजे.

राहिलं परत येण्याचं. माझ्या ओळखीतून गेलेल्या सात जणांपैकी आजवर एकच परत आली आहे, तेव्हा तुमची भीती खोटी म्हणणार नाही. पण दोन माणसं माझ्या मनातून जात नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख एडिनबरा, ऑक्सफर्डला शिकून परत आले आणि १९३२ साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. माझे वडील त्याच संस्थेच्या शाळेत शिकले, म्हणून आज मी हे लिहू शकते. दुसरे म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला आणि पुढे तिथून लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. तीन वर्षांनी स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते पुन्हा गेले आणि शिक्षण पुरं केलं. राज्याच्या योजनेला शाहू महाराजांचं नाव आहे, ते मला म्हणूनच फार जवळचं वाटतं. पैसा वेळेवर पोचला नाही की बाबासाहेबांसारख्या माणसाचंही शिक्षण थांबतं.

जुन्या लेखात मी आता खर्चाचा पूर्ण हिशेब घातला आहे आणि ‘अर्जाला पैसे लागत नाहीत’ हे वाक्य दुरुस्त केलं आहे.

तुमच्या मुलीने आयईएलटीएसची फी अजून भरली नसेल तर थांबवा. त्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो आणि तिचं शेवटचं वर्ष अजून बाकी आहे. आधी पासपोर्ट काढा. त्यासाठी तिची दहावीची मार्कशीट, आधार आणि जन्मदाखला समोरासमोर ठेवून नाव तपासा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे नसतं. हा फरक पुढे एपीएसला आणि व्हिसाला अडतो, मग प्रतिज्ञापत्रं करत हिंडावं लागतं. तीन कागदांवर तीन तऱ्हा निघाल्या तर मला इथेच कळवा, काय करायचं ते सांगते. आणि सवड काढून तिला विचारा, तिला हा विषय का शिकायचा आहे. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत एका कागदावर लिहून ठेवा, मराठीतच, जमलं तर तुमच्या हाताने.