पिक्चर पळवत बघायचा असतो काय?

दर शनिवारी तेच! टिळकवाडीत मित्राच्या खोलीवर पिक्चर लावायचा आणि दहा मिनिटांत ह्याची कुरकुर सुरू. काल १९२२ चा जर्मन मूकपट 'नोस्फेराटू' लावला तर म्हणतो, "काय बघूलालास मर्दा, काही घडतच नाही!" अरे घडतंय की! जिन्याच्या भिंतीवर व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची, नुसती सावली चढते, ती वाकडी लांब बोटं दाराकडं सरकतात, अंगावर काटा येतो, आणि नेमकं तिथंच ह्यानं पुढं ढकललं. ज्या १८९७ च्या कादंबरीवरनं हा पिक्चर काढला, तिच्यातला व्हॅम्पायर ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो, उन्हानं व्हॅम्पायर मरतो ते ह्या पिक्चरपासून, पण शेवट बघू तर दे! रक्त नाही, आरडाओरडा नाही म्हणजे बोअर? एवढी कसली घाई रे? पुढच्या शनिवारी रिमोट माझ्याकडं.