कोकणचा निकाल आणि आमच्या वाडीचा पट

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच बातमी फिरते, कोकण पुन्हा पहिलं! मलाही आनंद होतो. कोल्हापूर परीक्षा मंडळापासून वेगळं होऊन 2012 पासून आपल्या दोन जिल्ह्यांचं कोकण मंडळ परीक्षा घ्यायला लागलं, तेव्हापासून दहावीत आपण वरच आहोत. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. त्या वर्षी राज्याचा निकाल होता 94.10.

त्याच बातमीत खाली आणखी एक आकडा असतो, तो मात्र कुणी पुढे पाठवत नाही. परीक्षेला बसलेली मुलं किती? राज्यात पंधरा लाखांवर, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत मिळून तीस हजारांच्या आत.

2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख शहाण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. मुंबई शहर सोडलं तर महाराष्ट्रात असं दुसरीकडे कुठे झालं नाही. रत्नागिरीत 2011 ला हजार पुरुषांमागे 1122 बायका, म्हणजे कमावता माणूस मुंबईला. पूर्वी तो एकटा जायचा, बायको-मुलं गावी असायची आणि शाळा भरलेली असायची. आता लग्न झालं की जोडपं विरार, नालासोपारा नाहीतर दिव्याला खोली घेतं. मूलही तिकडेच जन्मतं, तिकडेच शाळेत जातं. गावात उरतात आजी-आजोबा. पटसंख्या का घटली म्हणून मास्तरांना जाब विचारणाऱ्यांनी आधी आपापल्या घरातली माणसं मोजावीत.

आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. तेव्हा आम्ही बेचाळीस जण होतो आणि दोन गुरुजी. या वर्षी जानेवारीत गेलो तर बाकांवर सात मुलं. त्यातली वाडीतली फक्त तीन, आणि त्यातलं एक आजीकडे ठेवलेलं. दोघं भावंडं आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराची. दोघी चिरेखाणीवर, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड काढतात त्या खाणीवर, कामाला आलेल्या कर्नाटकातल्या कुटुंबांतल्या. त्यातली दुसरीतली पोरगी घरी कन्नड बोलते आणि शाळेत मराठीची कविता इतकी खणखणीत म्हणते की मी दारातच उभा राहिलो. आपली मुलं गेली, पण शाळेचं काम संपलेलं नाही. ज्यांना दुसरी कुठलीच शाळा परवडणार नाही, अशी मुलं आता तिथे बसतात.

आता सरकारी हिशेब बघा. शिक्षकांची पदं ठरतात ती 30 सप्टेंबरच्या पटावर. चिरेखाणी पावसात बंद असतात, कामगार गावाकडे गेलेले असतात आणि दिवाळीच्या सुमारास परततात. म्हणजे त्यांची मुलं वर्षातला मोठा काळ आपल्या बाकावर, पण मोजणीच्या दिवशी गैरहजर. शिवाय संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करताना, आधार जुळलेलीच मुलं धरतात. राखणदाराच्या मुलांची आधार कार्डं अजून झालेली नाहीत. वर्गात सात, कागदावर तीन! आणि त्या तीनवरून ठरणार, शाळा ठेवायची की नाही.

2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करायचा, विषय निघाला तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या राज्यातल्या शाळा चौदा हजार सातशेच्या वर निघाल्या, आणि त्यांत शिकणारी मुलं एक लाख पंचाऐंशी हजार. एका शाळेत सरासरी बारा-तेरा. एवढ्याशा मुलांसाठी शाळा कशाला, असं शहरातला माणूस सहज म्हणतो. त्याने एकदा जुलैत आमच्याकडे यावं. आमची शाळा बंद झाली तर मुलांनी जायची ती केंद्रशाळा कागदावर अडीच किलोमीटर आहे. मधे पऱ्या, म्हणजे ओढा आहे, त्यावर लाकडी साकव, आणि पाणी चढलं की तो साकव दिसतच नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या धनगरवाड्यांचं तर विचारूच नका. सहा वर्षांच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हे शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांत आहे, आणि ते नुसता पटाचा आकडा बघून पुसून टाकू नये.

छोटी शाळा म्हणजे चांगली शाळा, असंही मी म्हणणार नाही. चार इयत्ता, एक बाई, त्यात पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहित्या. पहिलीतलं मूल चौथीच्या गणिताकडे बघत बसतं. खो-खोला दोन संघ होत नाहीत. जिथे रस्ता आहे, गाडी खरोखर रोज येते आणि पालक तयार आहेत, तिथे दोन शाळा एकत्र केल्या तर मी विरोध करणार नाही. पण गाडी आधी सुरू करा, वर्षभर चालवून दाखवा, मग कुलूप लावा. आमच्याकडे क्रम नेहमी उलटा असतो.

आणि बदल्या! घाटावरचे शिक्षक इथे नोकरीला लागतात आणि संधी मिळताच आपल्या जिल्ह्यात परततात. त्यांना दोष नाही, त्यांचेही आईबाप तिकडे आहेत. पण 2023 मध्ये शेकडो शिक्षक एकदम गेले आणि इथे शिक्षक व्हायची पदविका, डीएड, झालेली मुलं-मुली घरी बसून होती. पहिलीच्या मुलाची बोली कळणारं माणूस गावातच असताना शाळा शिक्षकाविना राहते, हे मला सहन होत नाही. दहावीचा तो 98 टक्के निकाल हायस्कुलात लागतो, पण त्या मुलांना अक्षरओळख बहुतेक वेळा याच वाडीवरच्या शाळांनी करून दिलेली असते.

मुंबईत राहणाऱ्या आमच्या वाडीकरांच्या मंडळाने देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखांनी वर्गणी काढली. मीही दिली, आनंदाने दिली. येत्या सभेत मी दोन विषय ठेवतोय. शेजारच्या वाडीतल्या डीएड झालेल्या मुलीला जूनपासून मानधन देऊन बाईंच्या जोडीला ठेवायचं, आणि राखणदाराच्या दोन्ही मुलांना तालुक्याला नेऊन 30 सप्टेंबरच्या आत त्यांची आधार कार्डं काढायची. गाडीचा खर्च माझा. सोबत कोण येतंय, खाली लिहा.